ओसरीवरून : थांबलेला तो मंद नव्हे

या सदरांत सुभाषितें, सणवार, मुलांचा अभ्यास आणि म्हातारपणाचीं पथ्यें यांविषयीं मी आजवर लिहीत आलों आहें. तेव्हां ग्राफिक्स कार्ड आणि संगणकावरील लढाईचा खेळ हा विषय पाहून कांहीं वाचक नाक मुरडतील, हें मी जाणून आहें. "निवृत्त संस्कृत मास्तरांना हे नसते उद्योग कशाला?" असा प्रश्न आमच्या घरींहि निघालाच होता. परंतु गेल्या उन्हाळ्यांत याच विषयापायीं आमच्या घरचे बावीस हजार रुपये खर्चीं पडले, एका निरपराध तरुणाला चार माणसांदेखत माझे कठोर शब्द ऐकावे लागले, आणि पस्तीस वर्षें शिकविण्याचें काम केलेल्या मला स्वतःच्या एका जुन्या चुकीचा अर्थ उमगला. ज्या घरांत दोन नातवंडें आहेत त्या घरांत हल्लीं असला एकादा संगणक असतोच. आमच्या ठेंचेनें दुसरा शहाणा व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें घर चिंचवडगांवांत, मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळच. थोरले चिरंजीव चाकणच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यांत जुळणीच्या लाइनीवर देखरेखीचें काम करितात. धाकटे चिरंजीव वरच्या मजल्यावर असतात. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा मोठा नातू, दोन वर्षांमागें उच्च शिक्षणासाठीं जर्मनींतील श्टुटगार्ट शहरीं गेला. थोरल्या चिरंजीवांचा मुलगा हा आमचा लहान नातू. तो यंदा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला. हे दोघे चुलतभाऊ एका ताटांत जेवून वाढलेले. एकजण परदेशीं गेल्यावर दोघांमधील बोलणें 'जेवलास का' आणि 'अभ्यास कसा चाललाय' एवढ्यावर येऊन ठेपावयाचें. पण तसें झालें नाहीं, याचें कारण एक खेळ. दर शनिवारीं रात्रीं साडेनऊ वाजतां (उन्हाळ्यांत तेव्हां तिकडे सायंकाळचे सहा झालेले असतात) हे दोघे आपापल्या संगणकापुढें बसून एकाच रणांगणांत उतरत.

त्या खेळाचें नांव 'टीम फोर्ट्रेस टू'. अमेरिकेंतील वॉल्व्ह या कंपनीनें तो 2007 च्या ऑक्टोबरांत बाजारांत आणिला आणि 2011 च्या जूनपासून विनामूल्य केला. म्हणजे आमच्या लहान नातवाच्या जन्माच्या सुमाराचाच हा खेळ. माणसाचें हें कोवळें वय, पण संगणकाच्या जगांत तें वानप्रस्थाचें. तांबडे आणि निळे असे दोन पक्ष, आणि नऊ प्रकारचे गडी. त्यांत एक धिप्पाड तोफवाला असतो, आणि त्याच्या पाठीशीं राहून चालू लढाईंत त्याच्या जखमा भरून काढणारा एक वैद्य असतो. मोठा नातू तोफवाला होई आणि लहान नातू त्याचा वैद्य. लढाईच्या गलक्यांतच घरच्या थालिपिठापासून वसतिगृहांतल्या थंडीपर्यंत सारें बोलणें होऊन जाई. तें कानीं पडूं लागल्यापासून त्या खेळाला नांवें ठेवणें मीं सोडून दिलें होतें.

माघ संपतां संपतां या शनिवारांना दृष्ट लागली. पडद्यावरील चित्र ऐन गर्दींत अडखळूं लागलें. वैद्य आपल्या गड्याकडे वळे तों चित्र क्षणभर गोठून जाई, आणि पुन्हां हलूं लागे तेव्हां तोफवाला मरून पडलेला असे. त्यांच्या बाजूनें खेळणारे परके लोक मोठ्या नातवाला बोल लावूं लागले. एका शनिवारीं साडेनऊ वाजून गेले तरी लहान नातू ओसरीवर अंधारांत बसलेला मला दिसला. विचारलें तेव्हां म्हणाला, "आजोबा, माझ्यामुळे दादाला सगळे बोलतात. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय. मी आता नाही खेळत."

येथें ज्यांना हें शास्त्र नवें आहे त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. चित्रपटांत दर सेकंदाला चोवीस स्थिर चित्रें डोळ्यांपुढून जातात आणि आपणांस तीं हलतांना भासतात. त्या चित्रांना फ्रेम म्हणतात. चित्रपटांतील फ्रेमा आधींच घेऊन ठेविलेल्या असतात. खेळांतील फ्रेम मात्र त्याच क्षणीं नवी काढावी लागते, कारण खेळणारा पुढच्या क्षणीं कोठें वळेल हें ब्रह्मदेवालाहि ठाऊक नसतें. साधारण पडद्यावर आडवे 1,920 आणि उभे 1,080, म्हणजे एकूण 20,73,600 ठिपके असतात. सेकंदाला साठ फ्रेमा काढावयाच्या तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. हें रंगकाम करणारें जें स्वतंत्र यंत्र, तेंच ग्राफिक्स कार्ड. चित्र अडखळतें म्हणजे रंगारी थकला, असा आम्हां सर्वांचा तर्क झाला. तर्क सरळ होता; सरळ दिसणारे तर्कच बहुधा फसवितात.

आमच्या सौभाग्यवतींनीं काशीयात्रेकरितां पोस्टांत आवर्त ठेव ठेविली होती, ती त्याच महिन्यांत पुरी झाली होती. त्या म्हणाल्या, "काशी कुठं पळून जात नाही. पोरगं मात्र एकटं पडतंय." मीं पिंपरींतील एका दुकानांतून बावीस हजारांचें नवें कार्ड आणिलें. जुनें काढून नवें बसविलें. घरांतील सारीं माणसें मागें उभीं राहिलीं. खेळ सुरू झाला. आणि गर्दीची वेळ येतांच चित्र पूर्वींसारखेंच अडखळलें! पडद्याच्या कोपऱ्यांत दर सेकंदाच्या फ्रेमांचा आंकडा दिसतो. जुन्या कार्डावर तो गर्दींत बेचाळीस-त्रेचाळीस असे. नव्या कार्डावरहि तो त्रेचाळीसच राहिला.

मग घरांत व्हावयाचें तें झालें. कोणी म्हणालें, मुलानें हौसेसाठीं थाप मारली. कोणी म्हणालें, मास्तरांना दुकानदारानें गंडविलें. पहिला आरोप मला सहन होईना, म्हणून मीं दुसरा खरा मानला. दुसऱ्या दिवशीं भर दुपारीं कार्ड पिशवींत घालून मी दुकानीं गेलों. गल्ल्यावर तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण होता. त्यानें शांतपणें कार्ड स्वतःच्या संगणकांत बसवून, एक अलीकडचा अवजड खेळ लावून, तें निर्दोष असल्याचें मला दाखविलें. मीं गिऱ्हाइकांदेखत म्हणालों, "तुमच्या दुकानांत तुमचा माल चालायचाच. आम्हांला वापरलेला माल नवा म्हणून दिलात, असं दिसतं." त्याचा चेहरा उतरला. तो एवढेंच म्हणाला, "काका, कार्ड नुसतं वाट बघत बसलंय. तुमचा प्रोसेसर बघा एकदा." मला तें उत्तर उद्धटपणाचें वाटलें, आणि छत्री आपटीत मी घरीं आलों.

त्या रात्रीं थोरले चिरंजीव दुसरी पाळी संपवून मध्यरात्रीं घरीं परतले. जेवतां जेवतां त्यांनीं सारी हकीकत ऐकली. संगणकाचें विशेष ज्ञान त्यांनाहि नाहीं; पण दुकानदाराचें तें वाक्य ऐकतांच त्यांचा घास हातांत राहिला. ते म्हणाले, "बाबा, तो पोरगा बरोबर बोलतोय. आमच्या लाइनीवर पांच जागा आहेत असं समजा. चार जागांचं काम पन्नास-पन्नास सेकंदांचं आणि तिसऱ्या जागेचं ऐंशी सेकंदांचं. मग तयार माल किती वेळानं बाहेर पडणार? ऐंशी सेकंदांनी. पांचव्या जागेवरचा माणूस हात बांधून उभा दिसतो. नवा साहेब येतो आणि त्यालाच आळशी म्हणून बदलतो. त्याच्या जागी भीमसेन आणून उभा केला तरी माल ऐंशी सेकंदांनीच येणार. मोकळा दिसतो त्याला बदलायचं नसतं. ज्याच्यासमोर ढीग साठलाय, तो शोधायचा असतो."

चाकणच्या कारखान्यांतून रोज घरीं येणारी ही विद्या मीं आजवर कानाआड केली होती. दुसऱ्या दिवशीं रविवार होता. तिघे पिढ्यान्पिढ्यांचे पुरुष एका संगणकाभोंवतीं बसलों.

त्या दिवशीं समजलें तें असें. खेळांत दोन कारागीर असतात. पहिला प्रोसेसर. कोणता गडी कोठें आहे, गोळी कोणास लागली, कोण कोणाच्या आड आहे, हें सर्व ठरवून तो 'अमुक वस्तु अमुक ठिकाणीं काढ' असे हुकूम लिहितो. एका फ्रेमेला असे शेंकडों, कधीं हजारों हुकूम लागतात. दुसरा कारागीर ग्राफिक्स कार्ड. ते हुकूम घेऊन तें ठिपके रंगवितें. आमच्या नव्या कार्डांत हें काम करणारे 2,560 बारीक गाभे आहेत. जणूं रंगाऱ्यांची पलटणच. पण हुकूम लिहिणारा कारकून जर दर सेकंदाला त्रेचाळीस फ्रेमांचेच हुकूम लिहूं शकत असेल, तर पलटणीनें करावयाचें काय? कुंचले घेऊन उभें राहावयाचें.

यावर नातवानें शंका काढली ती रास्त होती: "पण आजोबा, प्रोसेसरमध्ये चार गाभे आहेत, आणि मीटर तर तीसच टक्के दाखवतो." येथेंच पुष्कळांची फसगत होते. चार गाभ्यांपैकीं एक पुरता राबत असेल आणि तिघे बसून असतील, तर एकूण आंकडा पंचवीस टक्केच दिसणार! विंडोजच्या टास्क मॅनेजरांत प्रत्येक गाभ्याचा आलेख निराळा पाहण्याची सोय आहे. तेथेंहि तें काम एका गाभ्यावरून दुसऱ्यावर हलत असल्यामुळें नीट निरखून पाहावें लागतें. एकूण सरासरी पाहून निर्णय देणें म्हणजे वर्गाची सरासरी पाहून सारीं मुलें पास म्हणण्यासारखें आहे.

एकाच गाभ्यावर एवढा भार कां, याला इतिहास आहे. हा खेळ चित्रें काढण्यासाठीं मायक्रोसॉफ्टच्या ज्या व्यवस्थेवर उभारला, ती 'डायरेक्ट एक्स नऊ' 2002 च्या अखेरीस आली. खेळाचा मूळ सांगाडा 2004 सालचा. त्या वेळीं घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांत एकच गाभा असे, आणि तो दरसाल अधिक वेगवान होत जाई. पुढें वेगाबरोबर वाढणारी उष्णता आवरेना; इंटेल कंपनीनें 2004 च्या मे महिन्यांत आपली पुढील एकगाभी योजना सोडून दिली, आणि 2005 सालीं दोन गाभ्यांचे प्रोसेसर घरोघर येऊं लागले. म्हणजे या पिढीचे खेळ एकट्या बलवान गड्यावर भिस्त ठेवून लिहिले गेले. काम वांटून देण्याची सोय त्यांत मागाहून, ठिगळ लावल्यासारखी, आली.

काम वांटून करण्याच्या विद्येशीं आमच्या पुण्याचा जुना संबंध आहे. 1988 सालीं सी-डॅक ही संस्था पुण्यांत स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं 1991 सालीं तिनें 'परम 8000' हा महासंगणक सिद्ध केला. एकच अजस्र प्रोसेसर न वापरतां पुष्कळ लहान प्रोसेसरांना एकत्र राबविणें, हेंच त्याचें मर्म. पण या रीतीची मर्यादाहि जीन ॲमडाल या अमेरिकन तज्ज्ञानें 1967 सालींच दाखवून ठेविली होती. दहा तासांच्या कामांतील चार तासांचें काम जर एकालाच करावें लागत असेल, तर उरलेल्या सहा तासांसाठीं हजार माणसें लावा; चार तासांच्या आंत काम पुरें होणें नाहीं. हें आमच्या सौभाग्यवतींना सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "यात नवं काय? पुरण शिजेपर्यंत लाटणाऱ्या दहाजणी असल्या तरी बसूनच राहणार!" एका वाक्यांत त्यांनीं सारा सिद्धान्त पोळपाटावर मांडला.

आतां निदान. न्यायशास्त्रांत कारण ओळखण्याची जुनी रीति आहे: अन्वय आणि व्यतिरेक. जें असतां कार्य होतें आणि जें नसतां कार्य होत नाहीं, तें त्याचें कारण. आणि काकतालीय न्यायापासून जपावयाचें; कावळा बसला आणि ताड पडला, एवढ्यावरून कावळ्यानें ताड पाडला असें ठरत नाहीं. म्हणून आम्हीं नियम केला कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, तेंच रणांगण आणि तितकेच गडी ठेवून तीनदां पाहावयाचें, आणि आंकडा वहींत लिहावयाचा.

पहिली परीक्षा : दोष घरांत कीं तारेंत? आपल्या खेळाडूची नजर भराभर इकडेतिकडे फिरवून पाहावी. ती फिरविण्यास इंटरनेट लागत नाहीं. आपली नजर सुरळीत फिरते, पण इतर गडी उड्या मारीत सरकतात, तर दोष तारेंत किंवा अंतरांत आहे. पुण्याहून श्टुटगार्ट सरळ रेषेनें साडेसहा हजार किलोमीटरांच्या घरांत आहे, आणि कांचेच्या तारेंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. तेव्हां निरोप जाऊन येण्यास सेकंदाचे निदान पासष्ट सहस्रांश लागणारच, आणि प्रत्यक्षांत तार वांकडीतिकडी जात असल्यानें त्याहून पुष्कळ अधिक. हें कोणत्याहि कार्डानें कमी होत नाहीं. आमच्याकडे मात्र स्वतःची नजरच अडखळत होती. दोष घरांतच होता.

दुसरी परीक्षा : पडद्यावरील ठिपके कमी करावे. आम्हीं 1,920 गुणिलें 1,080 ऐवजीं 1,280 गुणिलें 720 केले. रंगकाम निम्म्याहून कमी झालें. रंगारी थकला असता तर फ्रेमा भराभर वाढल्या असत्या. आंकडा त्रेचाळीसचा चव्वेचाळीस झाला, इतकेंच. कार्ड निर्दोष ठरलें, आणि माझी मान खालीं गेली.

तिसरी परीक्षा : गर्दी कमी करावी. रिकाम्या रणांगणांत एकट्यानें फिरतांना आंकडा शंभराच्या वर जाई. चोवीस गडी जमले कीं पुन्हां त्रेचाळीस. गडी वाढले कीं हुकूम लिहिणाराचें काम वाढतें. ढीग कोणापुढें सांचला होता, हें आतां उघड झालें.

मग कारणें शोधली तीं तीन निघालीं.

पहिलें कारण ऐकून मोठा नातू फोनवर कांहीं वेळ बोललाच नाहीं. हा संगणक पूर्वीं त्याचा. त्याच्याहि आधींच्या एका जुनाट यंत्रावर काम अनेक गाभ्यांवर वांटलें कीं हा खेळ मधेंच बंद पडे. म्हणून त्यानें खेळाच्या आज्ञांच्या फाइलींत 'मॅट क्यू मोड' या आज्ञेपुढें शून्य लिहून ठेविलें होतें. शून्य म्हणजे सारें काम एकाच रांगेंत. पुढें यंत्र बदललें, पण फाइल जशीच्या तशी नव्या यंत्रांत आली; आणि भावानें भावासाठीं मागें ठेवलेल्या यंत्रांत ती तशीच राहिली. रोग केव्हांच बरा झाला होता. औषध चालूच होतें. ती ओळ काढली आणि खेळाच्या सेटिंगांतील 'मल्टिकोअर रेंडरिंग' ही खूण चालू केली. आंकडा त्रेचाळीसवरून एकसष्टावर गेला.

दुसरें कारण धूळ आणि उष्णता. संगणकाची पेटी उघडली तेव्हां प्रोसेसरावरील पंख्याखालीं नमद्यासारखा धुळीचा थर होता. त्याखालचा उष्णतावाहक लेप वाळून खडू झालेला, आणि पंख्याच्या चार खुंट्यांपैकीं एक निसटलेली. प्रोसेसर फार तापला म्हणजे स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच उतरवितो. आमच्या औद्योगिक पट्ट्यांतली धूळ आणि वैशाखांतलें चाळीस अंशांच्या आसपासचें ऊन, यांपुढें त्यानें वेग निम्म्यावर आणिला यांत नवल नव्हतें. उन्हाळा चढत गेला तसें अडखळणें कां वाढत गेलें, याचाहि उलगडा झाला. धूळ काढली, नवा लेप लाविला, खुंटी बसविली; आंकडा अठ्याहत्तरावर गेला.

तिसरें कारण स्मृतीच्या पट्टीचें. मेमरीची एकच पट्टी बसविलेली होती. दोन सारख्या पट्ट्या योग्य खांचांत बसविल्या म्हणजे प्रोसेसराला दोन वाटांनीं माहिती मिळते. दुसरी पट्टी बसविल्यावर आंकडा फारसा वाढला नाहीं, पण मधूनच गोठण्याची खोड गेली. पट्टी आणि लेप मिळून खर्च झाला अकराशें रुपये.

मग व्यतिरेकाची शेवटची परीक्षा मींच सुचविली. नवें कार्ड काढून जुनें परत बसविलें. आंकडा सत्तरच्या खालीं उतरला नाहीं. साठ फ्रेमा दाखविणाऱ्या आमच्या पडद्याला तेवढें पुरेसें होतें. म्हणजे बावीस हजारांनीं जें झालें नाहीं तें अकराशांनीं झालें, आणि खरेदी निष्कारण होती. उघडलेला माल परत घेण्याची दुकानाची रीत नव्हती. काशीयात्रा एक वर्ष लांबली. सौभाग्यवतींनीं हूं कीं चूं केलें नाहीं; त्यामुळें मला अधिकच लागलें.

इतर घरांच्या उपयोगासाठीं आणखी चार गोष्टी सांगतों. कारण सर्वांचा रोग आमच्यासारखाच असेल असें नाहीं. टेबलावरील संगणकांत पडद्याची तार कार्डाच्या भोंकांतच लाविली आहे ना, हें प्रथम पाहावें. ती चुकून मुख्य पाटीच्या भोंकांत लाविली तर महागडें कार्ड नुसतें शोभेला राहतें. लॅपटॉपांत बहुधा चित्रें काढणारे दोन असतात, एक काटकसरी आणि एक दमदार. जुना खेळ कधींकधीं काटकसऱ्याच्याच वाट्याला जातो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगांत ग्राफिक्स या पानावर त्या खेळासाठीं 'हाय परफॉर्मन्स' नेमून द्यावें, आणि खेळतांना चार्जर लावून ठेवावा. जुन्या खेळाचें काम हलकें वाटल्यामुळें कार्ड वीज वांचविण्याच्या बेतानें डुलक्या घेतें. त्याच्या सेटिंगांत वीज बचतीऐवजीं पूर्ण कार्यक्षमता निवडतां येते. कार्ड बदललें तर जुनें ड्रायव्हर पुरतें काढून नवें घालावें. आणि खेळ अद्ययावत ठेवावा. याच खेळाची 64-बिट आवृत्ति कंपनीनें 2024 च्या एप्रिलांत दिली, तेव्हां पुष्कळांच्या यंत्रांवर तो सुधारला. हें सर्व फुकट होणारें आहे. फुकटचें संपल्यावर स्वस्ताचें, आणि स्वस्ताचें संपल्यावरच महागाचें, हा क्रम ध्यानांत ठेवावा.

शनिवार पुन्हां सुरू झाले. पण माझें एक काम उरलें होतें. सोमवारीं मी त्या दुकानीं गेलों आणि गिऱ्हाइकें असतांनाच त्या तरुणाला म्हणालों, "मी त्या दिवशी तुम्हांला खोटं पाडलं. दोष कार्डाचा नव्हता, प्रोसेसरचा होता. तुम्ही बरोबर होता. मला क्षमा करा." तो लाजला; "असू द्या काका, रोज दोन गिऱ्हाइकं असंच बोलतात," म्हणाला. जातांना मात्र त्यानें मला रस्त्यापर्यंत पोंचविलें.

घरीं येतांना वाटेंत मला पंचवीस-तीस वर्षांपूर्वींचा एक विद्यार्थी आठवला. सातवीचा वर्ग. सारीं मुलें उतारा वाचीत किंवा लिहीत असत आणि हा मुलगा मागच्या बांकावर स्वस्थ बसलेला असे. प्रगतिपुस्तकांत मीं त्याच्यापुढें 'मंद' असा शेरा लिहिला. वर्ष संपतांना कळलें कीं त्याच्यापाशीं पुस्तकच नव्हतें. शेजारच्या मुलाचें वाचून झालें म्हणजे तें त्याच्याकडे येई, आणि तोंवर तो थांबून राही. त्या वेळीं मीं त्याला एक जुनें पुस्तक मिळवून दिलें आणि आपण मोठें पुण्य केलें असें मानलें. शेरा मात्र मीं खोडला नाहीं. तो मुलगा मंद नव्हता, तो थांबलेला होता. आणि थांबलेला व मंद हे दोघे दुरून अगदीं सारखे दिसतात. एवढें समजण्यास मला एक यंत्र आणि बावीस हजार रुपये लागले.

एकत्र कुटुंबांत अशीं थांबलेलीं माणसें पुष्कळ असतात. कोणाचा निरोप आला म्हणजे, कोणाचा हुकूम सुटला म्हणजे, कोणाचा हात मोकळा झाला म्हणजे आपलें काम सुरू करावें, अशा वाटेकडे डोळे लावून तीं बसतात, आणि आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे होतों. तेव्हां वाचकहो, घरांत कांहीं अडलें कीं रिकामा दिसणाऱ्यावर बोट ठेवण्याआधीं, तो कोणाची वाट पाहत आहे, एवढें विचारून पाहावें.

लेख येथें पुरा करितों. शनिवार आहे, साडेनऊ वाजत आले आहेत, आणि आंतून "दादा, मी मागेच आहे, तू हो पुढं" असा आवाज येऊं लागला आहे.